दोन इंचांचा फोम आणि ७४१ किलोमीटरचा रूळ : प्रा. मधु दंडवते यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यात कोकण रेल्वेची पायाभरणी झाली. त्यानंतर नऊच महिन्यांनी, जून १९९१ मध्ये, लोकसभेचे निकाल लागले आणि राजापूर मतदारसंघाने आपल्या खासदाराला घरी बसवले. ते खासदार म्हणजे प्रा. मधु दंडवते. १९७१ पासून सलग पाच निवडणुका ते याच मतदारसंघातून जिंकत आले होते. रेल्वे येणार की नाही या प्रश्नावर कोकणात दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. ती येणार हे एकदाचे नक्की झाले, आणि तिच्यासाठी वीस वर्षे भांडलेला माणूस पडला.

मी राज्यशास्त्र शिकवतो आणि हे प्रकरण दरवर्षी वर्गापुढे ठेवतो. मुले पटकन उत्तर देतात, "सर, लोक कृतघ्न असतात." मी स्वतः कणकवली तालुक्यातला. त्यामुळे हे उत्तर मला झोंबतेही आणि अपुरेही वाटते. मतदार कृतज्ञ आहे की नाही, एवढ्यावर खासदाराची कारकीर्द मोजायची ठरवली तर हाती फारसे काही लागत नाही. मला विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. दंडवते वीस वर्षे, म्हणजे २४० महिने, लोकसभेत होते. त्यांपैकी मंत्रिपदाचे महिने जेमतेम ३९. मार्च १९७७ ते जुलै १९७९ रेल्वेमंत्री, हे २८ महिने. आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० अर्थमंत्री, हे ११ महिने. उरलेली दोनशे महिन्यांची कारकीर्द विरोधी बाकावर किंवा तुरुंगात गेली. एवढ्या तुटपुंज्या सत्तेत माणसाला काय करता येते, आणि केलेले मागे कसे उरते?

राजापूर म्हणजे काय होते

आज मुंबईहून रात्री बसून पहाटे कुडाळला उतरणाऱ्याला हे सांगावे लागते. त्या वेळी तळकोकणातून मुंबईला जायचे तर रस्ता किंवा समुद्र, तिसरा मार्ग नव्हता. रस्त्याने एसटीचा लाल डबा, रात्रभर घाट, कशेडीच्या वळणांवर उलट्या करणारी पोरे आणि मांडीवर नारळाची पिशवी. समुद्राने जायचे तर भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट. देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत ती पणजीला जायची. मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे होडीतून किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात ती बंद. म्हणजे गणपतीला, जेव्हा चाकरमान्याला घरी यायचेच असते, नेमकी तेव्हा बंद.

घरातला कमावता पुरुष मुंबईत, बायकामुले गावात आणि दोघांना जोडणारा पोस्टमन. मनिऑर्डरवर चाललेला हा मुलूख. रेल्वे मागितली की एक ठरलेला प्रतिवाद यायचा : सह्याद्रीचे फाटे, खाड्या, जांभ्या दगडाचे कडे, एवढा खर्च करून नेणार काय? माल कुठे आहे? हिशेब म्हणून तो चूक नव्हता. रेल्वेच्या नेहमीच्या परताव्याच्या कसोटीला कोकण उतरत नव्हतेच. मालच नाही, कारण गाडी नाही; आणि गाडी नाही, कारण माल नाही. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य या मार्गाच्या आराखड्यापायी घातले, आणि दिल्लीत हे गाऱ्हाणे बॅरिस्टर नाथ पै यांनी मांडले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन वेळा राजापूरने नाथ पैंना निवडून दिले. १८ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, बेळगावात ते गेले. निवडणूक दोन महिन्यांवर होती.

प्रजा समाजवादी पक्षाने त्यांच्या जागी ज्यांना उभे केले ते दंडवते मूळचे अहमदनगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत. १९४२ च्या चळवळीत होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. पण कोकणी नव्हते. मालवणी बोलणाऱ्या मतदारसंघात नगरचा प्राध्यापक, तोही नाथ पैंसारख्या वक्त्याच्या जागी. वर्ष तर इंदिरा लाटेचे. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तिनांत एक राजापूर. देशभरात त्यांच्या पक्षाचे फक्त दोन खासदार निवडून आले, त्यांतले एक दंडवते.

पुढच्या वीस वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडले. १९८० मध्ये महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसला, तरी राजापूर दंडवत्यांचे. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, काँग्रेसला ४३ जागा, आणि महाराष्ट्रातून जनता पक्षाचा एकच खासदार : दंडवते. तीन लाटांत न वाहून गेलेला मतदारसंघ कृतघ्न कसा म्हणायचा, हे मी वर्गात विचारतो तेव्हा मुले जरा गप्प होतात.

विरोधी बाकावरची सहा वर्षे

पहिली सहा वर्षे त्यांच्या हाती काही नव्हते. दोन खासदारांच्या पक्षाला सभागृहात वेळ मिळतो तो मिनिटांत मोजून. पण विरोधी सदस्याला काही साधने असतात : प्रश्नोत्तराचा तास, स्थगन प्रस्ताव, अर्थसंकल्पावरची चर्चा, संसदीय समित्या. त्यांचा कस लावायचा तर वाचावे लागते, आकडे पाठ असावे लागतात, नियमांचे पुस्तक मंत्र्यापेक्षा चांगले माहीत असावे लागते. दंडवते हे सगळे शिक्षकाच्या शिस्तीने करत. मुद्देसूद बोलण्याबद्दल त्यांचा लौकिक झाला तो याच काळात.

आणीबाणी जाहीर झाली त्या दिवशी, २६ जून १९७५ ला, ते एका संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र हेही तिथेच. चौघांनाही तिथेच धरले आणि बंगळूरच्या तुरुंगात ठेवले. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. महागाईविरोधी आंदोलनात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या पुढाऱ्यांपैकी त्या एक. नवरा एका तुरुंगात, बायको दुसऱ्या तुरुंगात, आणि मध्ये पत्रे. सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारी ही पत्रे दोघांनी नेमाने लिहिली. पुढे १९८० मध्ये प्रमिलाताई मुंबई उत्तर मध्यमधून निवडून आल्या आणि सातव्या लोकसभेत नवरा-बायको दोघेही खासदार होते.

फळी

मार्च १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या प्रकरणाचा गाभा मला मोठ्या पुलांपेक्षा एका फळीत जास्त दिसतो.

दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा झोपायला लाकडी फळी असे. पट्ट्या-पट्ट्यांची, त्यांच्यामध्ये फटी. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग कागदावरून काढून टाकला होता. डब्यावरच्या तीन रेघांच्या दोन रेघा झाल्या, तिकिटावरचा शब्द बदलला, पण पाठीखाली लाकूड होते तेच राहिले. माझी आजी काशीला जाऊन आली ती याच फळीवरून. जाताना तिने गोधडीची वळकटी नेली होती. परत आल्यावर गंगेच्या पाण्याची लोटी देवापुढे ठेवली आणि पहिले वाक्य बोलली ते पाठीबद्दल. दोन रात्री एका अंगावर झोपायचे, दुसऱ्या अंगाला वळले की पट्टीची कड बरगडीत घुसायची. गोधडी दुमडून तिघड केली तर थंडीला पांघरायला काही उरत नसे. ज्यांच्याकडे होल्डॉल होता त्यांचे निभायचे. मजूर, यात्रेकरू, सुट्टीवर निघालेला शिपाई यांच्याकडे चादर असली तरी पुष्कळ.

दंडवत्यांनी या फळीवर दोन इंचांचा फोम घालायचे ठरवले. एवढेच. वरून रेक्झिन, आत फोम, जाडी दोन इंच. पहिला वर्ग खाली खेचायचा नाही, दुसरा वर्ग वर आणायचा, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिला पहिला वर्गच नव्हता. सगळी गाडी दुसऱ्या वर्गाची, आणि बर्थवर गादी. कल्याण, भुसावळ, नागपूर करत हावड्याला जाणाऱ्या या गाडीत गरीब माणसाला देशात पहिल्यांदा पाठ टेकता आली.

या निर्णयाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. त्याला नवा कायदा लागला नाही, घटनादुरुस्ती लागली नाही, आघाडीतल्या भांडणाऱ्या गटांची संमती लागली नाही. लागला तो डब्याच्या रचनेतला एक बदल. आणि एकदा तो रचनेत शिरला की मग मंत्री कोण आहे याने फरक पडत नव्हता. जुलै १९७९ मध्ये मोरारजी सरकार कोसळले, दंडवते गेले, काँग्रेस परत आली. फोम कुणी काढला नाही. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक नवा डबा गादी घेऊनच येत राहिला, आणि ऐंशीचे दशक संपेपर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्यांत लाकडी बर्थ दिसेनासे झाले. काढून घेण्याची कुणाची छाती होणार? एकदा गादीवर झोपलेल्या माणसाला पुन्हा फळीवर झोपवणारा पक्ष या देशात निवडून येणार नाही. अनारक्षित डब्यातले लाकडी बाक मात्र पुढे बरीच वर्षे टिकले, हे नोंदवले पाहिजे. सर्वांत गरीब प्रवाशापर्यंत तो फोम पोहोचला नाही.

त्याच २८ महिन्यांतली आणखी एक गोष्ट. ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी संप केला होता. सुमारे १७ लाख कामगारांचा तो संप २७ मेपर्यंत चालला आणि चिरडला गेला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, घरे रिकामी करून घेतली. दंडवते मंत्री झाले तेव्हा त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांत या बडतर्फ कामगारांना परत घेण्याचे काम होते. आरक्षण संगणकावर आणण्याचा विचारही त्यांच्याच काळात सुरू झाला. ती व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, दुसऱ्याच सरकारच्या हातून. खिडकीवरचा बाबू रजिस्टर उघडून "जागा नाही" म्हणायचा आणि तेच रजिस्टर दहाची नोट पाहून वेगळे बोलायचे, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना या कल्पनेचे मोल कळेल.

बासष्ट किलोमीटरला आठ वर्षे

आता कोकणाकडे. रेल्वेमंत्री स्वतः राजापूरचा खासदार, मग तेव्हाच का नाही झाली कोकण रेल्वे? हा प्रश्न त्यांना मतदारसंघात नक्कीच ऐकावा लागला असणार. उत्तर रेल्वेच्या पैशाच्या रचनेत आहे.

दिव्याहून निघालेला फाटा १९६४ मध्ये पनवेलला आणि १९६६ मध्ये आपट्याला पोहोचला होता. तिथे तो अडकला. दंडवत्यांच्या काळात आपटा ते रोहा या सुमारे ६२ किलोमीटरच्या टप्प्याला मंजुरी मिळाली. रूळ रोह्याला पोहोचला १९८६ मध्ये. म्हणजे ६२ किलोमीटरला जवळपास आठ वर्षे. आळस हे त्याचे कारण नव्हते. नव्या मार्गाला तेव्हाच्या स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडी थोडी रक्कम मिळे. देशभर पन्नास कामे चालू असत, प्रत्येक खासदाराला आपल्या कामावर काहीतरी पडलेले दिसायला हवे असे, म्हणून सगळ्यांच्या पानात चिमूट-चिमूट वाढले जाई. भरावाला पैसे मिळत त्या वर्षी पुलाला मिळत नसत. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत अंतर ७४१ किलोमीटर. याच चालीने गेले असते तर ९५ वर्षे लागली असती. हा हिशेब मी फळ्यावर मांडतो. मांडताना दरवेळी वाटते, पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने तो मनात कितीदा केला असेल.

मला वाटते, दंडवते मंत्रिपदावरून उतरले तेव्हा एक धडा घेऊन उतरले : मंजुरी मिळवणे सोपे, मार्ग पुरा करणे वेगळे. पुढची दहा वर्षे ते पुन्हा विरोधी बाकावर होते. जनता पक्षाचे लोकसभेतले गटनेते म्हणून राष्ट्रीय प्रश्नांवर त्यांचे नाव गाजत होते. तिकडे मतदारसंघात गणपतीच्या आधी मुंबई सेंट्रलच्या एसटी स्थानकावर तिकिटांच्या रांगा फुटपाथवर येत होत्या. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला. जिल्हा मिळाला, रूळ नाही.

अकरा महिने

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले आणि दिल्लीत असा योग जुळला की तो आजही अविश्वसनीय वाटतो. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. अर्थमंत्री मधु दंडवते, राजापूरचे. एखादा मार्ग तेव्हा अडायचा तो तीन दारांशी : रेल्वे मंत्रालय, नियोजन आयोग, अर्थ मंत्रालय. तिन्ही दारांच्या किल्ल्या एकाच किनाऱ्यावरच्या माणसांकडे आल्या. सरकार डळमळीत आहे, भाजप आणि डावे यांच्या बाहेरच्या टेकूवर उभे आहे, हे तिघांनाही ठाऊक होते. वेळ किती आहे ते कुणालाच माहीत नव्हते.

मग त्यांनी जुनी वाट टाळली. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोव्याचा ६ आणि केरळचा ६. उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा. त्यासाठी करमुक्त रोख्यांना वाट करून द्यायची तर अर्थ मंत्रालयाची मान्यता हवी, आणि तिथे दंडवते बसलेले. वार्षिक अर्थसंकल्पाच्या चिमटीतून मार्ग सुटला. प्रमुख म्हणून निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे अभियंते ई. श्रीधरन आले. रोह्याची पायाभरणी झाली आणि सात आठवड्यांनी, ७ नोव्हेंबर १९९० ला, सरकार लोकसभेत पडले.

आपटा-रोहा आणि रोहा-ठोकूर हे दोन टप्पे एकाच माणसाच्या दोन मंत्रिपदांत सुरू झाले. पहिल्यात मंजुरी होती, दुसऱ्यात यंत्रणा. पहिला ६२ किलोमीटरला आठ वर्षे घेऊन गेला. दुसरा, ९० हून अधिक बोगदे आणि जवळपास दोन हजार लहानमोठे पूल बांधून, साडेसात वर्षांत संपला. त्यांतला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आणि रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच. या यशाचे मोठे श्रेय श्रीधरन आणि त्यांच्या माणसांना, आणि बोगद्यांत जीव गमावलेल्या कामगारांनाही. पण ज्या रचनेमुळे सरकार पडूनही पैसा थांबला नाही, ती रचना राजकारण्यांनी केली होती, आणि ती पडू पाहणाऱ्या सरकारच्या अकरा महिन्यांत केली.

अर्थमंत्री म्हणून त्यांचे एकूण काम मी एवढे वर ठेवणार नाही. १९ मार्च १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा केली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरेटवरचे दागिने घडवायला बंदी झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी सोनारांच्या भट्ट्या तेव्हा विझल्या. ज्या मोरारजींच्या मंत्रिमंडळात दंडवते पुढे बसले, त्यांचाच हा वारसा त्यांनी संपवला. ते चांगलेच झाले. पण दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाच्या माफीचा भार तिजोरीवर आला. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेलाचे भाव भडकले आणि परकी चलनाची गंगाजळी आटत गेली. ती घसरण या सरकारला रोखता आली नाही. १९९१ चे संकट एकट्या त्या अकरा महिन्यांनी आणलेले नव्हते, तरी त्यांचा वाटा नाकारता येत नाही.

मग ते का पडले?

इथे मी माझे मत सांगतो, आणि ते गावात ऐकलेल्या बोलण्यावर बरेचसे उभे आहे.

पहिले कारण चाकरमानी. राजापूरचे मत गावात पडत असले तरी ते घडत असे परळ-लालबागच्या खोलीत. साठ-सत्तरच्या दशकांत त्या खोलीत समाजवादी होते, कामगार संघटना होत्या, सेवादल होते. १९८२ च्या गिरणी संपाने ती खोलीच मोडली. तिथल्या तरुणाने शिवसेनेची शाखा धरली आणि सुट्टीत गावी येताना तिला सोबत आणले. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने राज्यात ९४ जागा घेतल्या, आणि कोकणात वारे कुठून वाहते आहे ते दिसले. आमच्या वाडीत त्या वर्षी पहिल्यांदा भगवा झेंडा चौकात लागला. लावणारा पोरगा दंडवत्यांच्या जुन्या कार्यकर्त्याचाच मुलगा होता.

दुसरे कारण पक्ष. दंडवते पाच वेळा निवडून आले ते स्वतःच्या आणि नाथ पैंच्या पुण्याईवर. प्रजा समाजवादी, जनता, जनता दल अशी नावे बदलत गेली, पण खाली तालुक्या-तालुक्यांत उभी राहील अशी संघटना उरली नाही. समाजवाद्यांचे हे दुखणे जुने : माणसे मोठी, घर लहान. आणि १९९१ मध्ये जनता दल देशभर मंडल आयोगाच्या आरक्षणावरून उठलेल्या वादळात सापडलेले. निवडणुकीच्या मध्यावर राजीव गांधींची हत्या झाली आणि सहानुभूती काँग्रेसकडे वळली. राजापूर काँग्रेसच्या मेजर सुधीर सावंत यांनी जिंकले.

तिसरे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. जून १९९१ मध्ये मतदाराच्या हाती रेल्वे नव्हती. आंब्याच्या बागेत रोवलेले खुंटे होते, मोजणीच्या नोटिसा होत्या, मोबदल्याचे भांडण होते. गाडी यायला अजून सहा-सात वर्षे होती. म्हणजे खर्च आज दिसत होता आणि लाभ उद्याचा होता. या दोहोंच्या मधोमध निवडणूक आली. ज्याने केले त्याला फळ चाखता येऊ नये अशीच ही रचना आहे, आणि मोठे बांधकाम हाती घेणाऱ्या प्रत्येक खासदाराने हे गृहीत धरूनच उतरावे लागते. दंडवत्यांना ते ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. फोमच्या वेळीही त्यांनी हेच पाहिले होते.

नंतर

ते पुन्हा लोकसभेत गेले नाहीत. ऑगस्ट १९९६ ते मार्च १९९८ ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा ते त्याच पदावर होते. राजापूरने १९९६ मध्ये निवडून दिले होते ते शिवसेनेच्या सुरेश प्रभूंना. तेही पुढे, २०१४ मध्ये, रेल्वेमंत्री झाले. प्रमिलाताई ३१ डिसेंबर २००१ ला गेल्या. दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार झाले नाहीत; देह जे. जे. रुग्णालयाला दिला. आयुष्यभर शिकवत आलेल्या माणसाने शेवटचा तासही विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवला.

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ पासून राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच उरला नाही. तो रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिसळला. राजापूर रोड नावाचे स्टेशन मात्र आहे, गावापासून बरेच दूर. गेल्या वर्षी गणपतीच्या गर्दीत मी तिथे पहाटे उतरलो. शयनयानात एका बर्थवर दोघे दोघे झोपले होते. माझ्या समोरच्या बाकावर एका आजीने पाय पोटाशी घेतले होते आणि उशाला नारळाची पिशवी होती. बर्थच्या कडेचे रेक्झिन फाटले होते, आतून पिवळा पडलेला फोम दिसत होता. तिचा नातू झोपेतच बोटाने तो टोकरत होता. गाडी हलली तशी आजीने त्याचा हात धरून बाजूला केला, फाटलेल्या जागेवर पदराचा बोळा ठेवला आणि कूस बदलली.